बाजाराला जाताना

"मग पैसा जातो कुठे, बाबा?"

सुपडू उंबऱ्यातच उभा होता. एका हातात बाजाराची पिशवी. पायात नवे बूट.

भिकनशा बाबा कंदिलाची काच पुसत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

आमच्या गावाबाहेर, बाजाराच्या वाटेवर, या फकिराचा तकिया होता. एक कडुनिंब, एक ओटा, एक खोली. खोलीला दार नव्हतं, गोणपाटाचा पडदा होता. आतल्या भिंतीत कोनाडे, आणि कोनाड्या-कोनाड्यात मातीचे गल्ले. चारी बाजूंनी बंद, वर एक चीर तेवढी. गल्ला घरात ठेवला तर नवरा फोडतो, नाहीतर पोरगा फोडतो, म्हणून गावातल्या बाया तो इथे आणून ठेवत. फकिराकडे कोणी चोरी करत नाही.

मी तिथेच, कधी ओट्यावर कधी आत, बसून दोर वळायचो. म्हणून हे मला ठाऊक.

"सांगा ना," सुपडू म्हणाला. "मी काही रिकामटेकडा नाही. केळीच्या गाड्या भरतो. टोळीचा मुकादम आहे. शाळेतल्या मास्तरापेक्षा जास्त मिळवतो."

"हं."

"दारू नाही, पत्ते नाहीत. मग जातो कुठे?"

बाबांनी काच उजेडाला धरली.

"पिशवीत काय आहे?"

"मटण. जिलबी. अत्तराची बाटली घेतली एक. टोळीतल्या पोरांना चहा-भजी झाली. धोंडूची चप्पल तुटली होती, त्याला नवी घेऊन दिली. मुकादमाने हात आखडून कसं चालेल?"

"आणि खिशात?"

सुपडूने सदऱ्याच्या खिशात बोटं घातली. बाहेर काढली. बोटांवर केळीचा चीक वाळून काळा झाला होता. बोटांत काही नव्हतं.

"उरला तर ठेवणारच होतो," तो हसला. "उरतच नाही."

"मटण कोण खाणार?"

सुपडूचं हसू गेलं.

घरात कोणी नव्हतं. पावसाळ्यात त्याच्या पोरीला, रेखाला, तापात झटके आले होते. त्याच दिवशी सुपडूच्या हातात आठवड्याची मजुरी पडली होती. संध्याकाळपर्यंत ती वाटेतच संपली. दवाखाना तालुक्याला. जीपवाला आधी पैसे मागत होता. सुपडूची बायको मंदा, तिने कानातलं सोन्याचं एक फूल काढून जीपवाल्याच्या हातावर ठेवलं.

पोर वाचली. मंदा पोरीला घेऊन नदीपलीकडे माहेरी गेली. जाताना म्हणाली, दुसऱ्या कानातलं जायच्या आत मी जाते.

"घरात पैसा टिकलेला दिसला की येईन म्हणते," सुपडू म्हणाला. "कुठून दाखवू? ... आणि अजून एक आहे, बाबा."

तो आत आला. आवाज खाली गेला.

"दर बाजाराच्या दिवशी खिशातलं एक नाणं कमी होतं. सदरा खुंटीला असतो, नाहीतर अंगावर असतो. दाराला आतून कडी असते. सकाळी खिशात असलेलं नाणं दुपारी नसतं."

"उंदीर असेल," मी म्हणालो.

"उंदीर नाणी खातात का, तात्या? मग गावातले सगळे उंदीर सावकार झाले असते."

मी दोराला पीळ घातला. बाबा काच पुसत राहिले.

"म्हणून आलो," सुपडू म्हणाला. "आईचा गल्ला द्या. तोच फोडून मंदाला दाखवतो."

"ओळखतोस?"

"हा काय. काळा करगोटा बांधलेला."

"तुझी आई गेली तेव्हा आला होतास."

"आलो होतो. हलवून पाहिला, खुळखुळला. म्हटलं चार नाणी असतील. तसाच ठेवून गेलो."

"उचल."

सुपडूने एका हाताने गल्ला उचलला. मनगट खाली गेलं. घाईने दुसरा हात लावला. केळीचे घड खांद्यावर टाकणारा माणूस तो. त्याने गल्ला कानाशी धरून हलवला.

आवाज आला नाही. गल्ला भरत आला होता.

"यात कोणी टाकलं, बाबा? ... तुम्ही?"

"मी फकीर आहे."

"मग कोणी?"

"जिची सवय, तिने."

सुपडू हसायला गेला. हसू अर्ध्यावर थांबलं.

"आई जाऊन दोन दिवाळ्या झाल्या."

"हो."

"मग?"

"हात जातो," बाबा म्हणाले. "सवय राहते."

बाहेर बाजारातून परतणाऱ्या गाड्यांचे बैल घुंगरं वाजवत गेले. बराच वेळ वाजत गेले...

"मी फोडतो हा," सुपडू म्हणाला.

"फोड. तुझाच आहे. पण आज नको. पुढच्या बाजारी ये. जाताना ये, येताना नको."

"त्यात काय फरक? वाट तीच."

"तीच," बाबा म्हणाले, आणि काच कंदिलावर बसवली.

---

पुढच्या बाजारी सुपडू सकाळीच आला. धुतलेला सदरा. खिशात नाणी. तो कोनाड्यांसमोर भिंतीला टेकून बसला.

बाजाराला जाणारे लोक वाकून आत येत होते. देवळाच्या पायरीला हात लावून पुढे जावं तसे कोनाड्याशी थांबत, नाणं टाकत, निघून जात. कोणी मोजत नव्हतं. कोणी मागे पाहत नव्हतं.

जनाक्का भाजीची पाटी ओट्यावर टेकवून आली.

"काय मुकादम, वाट चुकलास का? तू तर बाजार उठल्यावर येणारा माणूस."

"बसलोय जरा."

"बस बस. बसायला पैसे पडत नाहीत."

तिने कनवटीचं नाणं काढून गल्ल्यात टाकलं. सुपडू पाहत होता.

"अजून एकही जुडी विकली नाहीस, जनाक्का. आधीच टाकलंस?"

"मग कधी टाकू?"

"परतताना. उरलेलं."

जनाक्काने त्याच्याकडे असं पाहिलं, की एवढा बाप्या, आणि याला सदऱ्याची बटणं लावायला शिकवायची आहेत.

"परतताना मीठ माझ्याकडे असतं, तेल असतं, पोरांचा खाऊ असतो," ती म्हणाली. "त्यात माझ्या नावाचं काही नसतं. चल, पाटी उचलू लाग."

सुपडूने पाटी तिच्या डोक्यावर दिली आणि पुन्हा येऊन बसला.

ऊन वर आलं. वाट मोकळी झाली. बाजाराचा गलका लांबून येत होता, पाण्याखालून यावा तसा. कडुनिंबाचं पान हलत नव्हतं.

मग गोणपाट हललं.

माणूस वाकून आत शिरताना हलतं तसं. खालून.

आत कोणी आलं नाही.

माझे हात दोरावर थांबले. बाबा डोळे मिटून बसले होते. सुपडू ताठ झाला होता. त्याला काहीतरी ऐकू येत होतं. मला येत नव्हतं.

त्याची आई, कौतिकबाई, टायरच्या तळाच्या चपला घालायची. एका चपलेला खिळा ठोकलेला होता. फरशीवर एक पाऊल वाजायचं, एक मुकं. गावात सगळ्यांना तिची चाल माहीत होती. सुपडूने नंतर सांगितलं, की तेच. टक्... मग काही नाही. टक्... मग काही नाही. त्याच्यापर्यंत आलं, आणि थांबलं.

मी पाहिलं ते एवढंच. सुपडूच्या सदऱ्याचा खिसा जरासा पुढे ओढला गेला. आत दोन बोटं घातली की ओढला जातो तेवढाच. आणि मग कोनाड्यातल्या गल्ल्यात नाणं पडलं.

सुपडूने छातीवर हात ठेवला. खिसा चाचपला.

गोणपाट पुन्हा हललं. सुपडू धडपडत उठला, पडदा ओढून बाहेर धावला.

"आई!"

वाट दोन्हीकडे रिकामी होती. पांढरी, उन्हाने भरलेली. तो बाजाराच्या दिशेला तोंड करून बराच वेळ उभा राहिला. काहीतरी लांब जाताना ऐकावं तसा.

परत आला तेव्हा त्याचे ओठ सुकले होते.

"तिने माझ्याकडे पाहिलं नाही, बाबा."

"बाजाराची घाई असते."

"बोटं गार होती. सदऱ्यातून लागली मला... माझ्याच खिशातून काढते ती."

"मग कोणाच्या खिशातून काढणार?"

सुपडू खाली बसला.

"मी मिसरूड फुटलेला पोरगा होतो तेव्हा. पहिली मजुरी. खिशातलं नाणं गेलं. मी तिला चोर म्हणालो, चारचौघांत. तिने पिशवी घेतली आणि बाजाराला गेली."

बाबांनी गल्ला कोनाड्यातून काढून त्याच्यासमोर ठेवला.

"करगोटा कोणाचा आहे?"

सुपडूने त्या काळ्या दोऱ्यावरून बोट फिरवलं. लहानसा होता. वर्षाच्या पोराच्या कमरेला बसेल एवढा.

कौतिकबाईची आधीची पोरं जगली नव्हती. हे जगावं म्हणून तिने जन्मल्याबरोबर त्याला सुपात घातलं, सूप उंबऱ्यावरून ओढलं. म्हणून सुपडू.

"माझा," तो म्हणाला.

त्या दिवशी त्याने गल्ला फोडला नाही. बाजारही केला नाही.

---

मग तो दर बाजारी येऊ लागला.

सकाळी यायचा, अंघोळ करून, केसांना पाणी लावून. खिशात नाणी ठेवायचा आणि भिंतीला टेकून, छाती जराशी पुढे करून बसायचा. सणाला पाहुणी यायची असावी तसा. दुपार व्हायची. गोणपाट हलायचं. खिसा ओढला जायचा. नाणं पडायचं.

"आज जरा थांबली होती," तो मला सांगायचा. "तात्या, आज खिशावर हात फिरवला तिने. कॉलर नीट केली."

त्याचा चेहरा उजळलेला असायचा. मलाही बरं वाटायचं. मग तो बाजारात जायचा, आणि संध्याकाळी तीच पिशवी, तेच बूट, खिशात काही नाही.

त्याचं घर रिकामंच होतं. नदीपलीकडून निरोप आला, की मंदाचे भाऊ तिला तालुक्याला शिवणकामाला लावणार आहेत. ती एकदा तिकडे गेली की परत यायची नाही.

"मग काय म्हणालास निरोप्याला?" बाबांनी विचारलं.

"काय म्हणणार... येतो म्हटलं लवकरच."

"आणि इथे?"

सुपडू मान खाली घालून बसला.

"इथे आई येते, बाबा."

बाबांनी चिलीम खाली ठेवली.

"चाल ऐकतोस तिची?"

"ऐकतो की. एक पाऊल वाजतं, एक मुकं."

"आणि मधलं अंतर?"

बाहेर कोणाची तरी सायकल गेली.

"वाढलंय," तो म्हणाला. "पूर्वी झपझप यायची. आता एक पाऊल वाजतं, मग मी वाट पाहत बसतो... मग दुसरं."

बाबा उठले. माठातून लोटाभर पाणी घेतलं आणि ते उंबऱ्याच्या दगडावर ओतलं. दगड तापलेला होता. वाफ उठली.

सुपडूने पाहिलं, आणि तोंडावर हात घेतला.

"ती उन्हातून चालत येते?"

बाबांनी रिकामा लोटा माठावर पालथा घातला.

---

त्याच्या पुढच्या बाजारी सुपडू आला तो हातात नाणं घेऊन. खिशात नाही, मुठीत. मूठ घट्ट मिटलेली.

सकाळची वेळ. लोक येत होते, टाकत होते, जात होते. जनाक्का आली, त्याच्याकडे पाहिलं, आणि आपलं नाणं टाकून निघून गेली.

तो कोनाड्यासमोर उभा राहिला. लोक त्याच्या बाजूने हात घालून आपापल्या गल्ल्यात टाकत होते. त्याचा हात वर होत नव्हता.

"मी टाकलं तर..."

"हं," बाबा म्हणाले.

"ती यायची नाही?"

बाबा उंबऱ्याच्या दगडावर पाणी ओतत होते. पूर्ण दगड ओला होईपर्यंत ओतत राहिले.

सुपडूने त्या ओल्या दगडाकडे पाहिलं. मग डोळे मिटले. मूठ चिरेवर नेली आणि उघडली.

टक्.

तोवर लोक पुढे गेले होते; तकियात आमच्याशिवाय कोणी नव्हतं. नाण्याचा आवाज खोलीभर फिरला, आणि थांबला.

आम्ही वाट पाहिली.

दुपार व्हायची होती. पण गोणपाट हललं. हललं आणि तसंच राहिलं, कोणीतरी हाताने बाजूला धरून आत पाहत असावं तसं.

ओल्या दगडावर एक पाऊल उमटलं. कोरडं पाऊल. आतल्या दिशेला.

त्याच्या टाचेशी खिळ्याएवढा ठिपका होता.

सुपडूने ते पाहिलं. तो हलला नाही. त्याने खिशाचं तोंड दोन बोटांनी धरून उघडलं आणि दाखवलं, की रिकामा आहे. मग कोनाड्याकडे बोट केलं. शाळेतून आलेलं पोर पाटी दाखवतं तसं.

बराच वेळ काही झालं नाही...

मग दगडावर दुसरं पाऊल उमटलं. बाहेरच्या दिशेला.

गोणपाट खाली पडलं.

त्या वेळी पहिल्यांदा मलाही ऐकू आलं. टक्... टक्... ते बाजाराकडे गेलं नाही. उलट्या दिशेला, नदीच्या बाजूला गेलं. मग वाजणारं पाऊलही मुकं झालं.

दगड उन्हाने वाळला. दोन्ही पावलं त्याच्याबरोबर वाळली.

सुपडू बाहेर आला तेव्हा कडुनिंबाखाली मंदा उभी होती. कडेवर रेखा. माहेरच्या माणसांबरोबर ती बाजाराला आली होती, माणसं पुढे गेली होती. तिच्या एका कानात फूल होतं. दुसरा कान मोकळा.



"या वेळेला इथे काय करत होतात?" मंदाने विचारलं.

"टाकत होतो."

"बाजार करायच्या आधी?"

"हो."

"किती झालेत?"

"मोजले नाहीत."

मंदाने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही मोजले नाहीत? मजुरी मिळाली की चावडीपासून घरापर्यंत आकडा सांगत येणारे तुम्ही?"

"फोडून दाखवू?"

मंदा पडद्याशी गेली. आत डोकावली. काळा करगोटा बांधलेला तो गल्ला तिने पाहिला. सासूचा आहे हे तिला ठाऊक होतं. तिचा हात मोकळ्या कानाकडे गेला आणि तसाच खाली आला.

"नको," ती म्हणाली. "पुढच्या बाजारीही टाकणार असाल तर मी तालुक्याला जायचं नाही म्हणून सांगते."

"टाकीन."

"उरले तर?"

"जाताना," सुपडू म्हणाला. "येताना नाही."

मंदाने बगलेतली रिकामी पिशवी झटकली आणि त्याच्या हातात दिली. "धरा मग. मीठ संपलंय म्हणे घरातलं. आणि मटण नको."

रेखा नदीच्या वाटेकडे पाहत होती. तिने हात हलवला. कोणाला तरी निरोप द्यावा तसा.

"कोण गं तिकडे?" मंदा म्हणाली.

"आजी," रेखा म्हणाली. "हसली."

वाटेवर कोणी नव्हतं.

मंदाला वाटलं पोर माहेरच्या आजीची आठवण काढते आहे. ती पोरीचे केस सारखे करत बाजाराच्या वाटेला लागली. सुपडू मात्र जागीच थांबला. मग मागे वळून तकियात शिरला. पडदा हातात धरून उभा राहिला.

"बाबा... माझ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही."

बाबांनी कंदील जवळ ओढला.

"आता येणार नाही ना ती? कधीच?"

भिकनशा बाबांनी कंदिलाची काच उतरवली. उजेडाला धरली. तिच्यातून वाटेकडे पाहिलं, मंदाच्या खांद्यावरून अजून हात हलवणाऱ्या पोरीकडे.

"पोरीच्या झग्याला खिसा नाही," ते म्हणाले. "शिवून घे."